चाळीस कोठ्या, एक होकार

अवधपुरी, भोपाळ
९ जून २०२५

चि. सुचेता,

आशीर्वाद. फोनवर मला नुसती खरखर ऐकू येते हे तुला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र. कारखान्यातल्या घणांनी एकतीस वर्षांत माझे कान नेले, हात मात्र ठेवले. तेव्हा हातानेच बोलतो. मंगला हसते आहे. म्हणते, एम. पी. नगर आणि अवधपुरीमध्ये आठ किलोमीटर आहेत, एवढ्यासाठी टपालखात्याला कशाला कामाला लावता? पण मी नागपूरहून परत आल्याला पंधरवडा झाला आणि तू एकदाही आली नाहीस. नव्या उद्योगांना हात देणाऱ्या तुमच्या केंद्रात कामाचा रगाडा असणार, हे मी समजू शकतो.

दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले. संपदाने फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंत मला घराबाहेर पडू दिलं नाही. बापाला डांबून ठेवण्यात लेकीला काय आनंद मिळतो कोण जाणे. आता लख्ख दिसतं. आणि लख्ख दिसायला लागल्यावर पहिली गोष्ट वाचली ती तुमच्या केंद्राचा अहवाल.

चाळीस गावांत चाळीस शीतकोठ्या बसल्या, आणि मे महिन्यात आतलं तापमान छत्तीस अंशांवर गेलं. भाजी सडली. कारण लिहिलं आहे, ‘मूळ रचनेतील त्रुटी’. रचना माझी, म्हणजे त्रुटीही माझी.

सुचेता, मी गेले आठ दिवस गणित मांडतो आहे. बाहेर चव्वेचाळीस, हवा कोरडी, दोन बाजूंना वाळ्याचे चार इंच जाड पडदे, वरून थेंबथेंब पाणी, मागे सौर पंखा. दर वेळी उत्तर येतं सत्तावीस. आपल्या गच्चीवरच्या कोठीने दोन उन्हाळे सत्तावीसच दाखवलं. मंगलाची कोथिंबीर साक्षीला आहे. मग तिथे छत्तीस कसे? कुठे चुकलो ते सापडत नाही, आणि सापडल्याशिवाय जेवण गोड लागत नाही.

तेव्हा एवढं कर. रोजच्या नोंदी पाठव. पाणी कुठलं होतं ते कळव. आणि वाळा कोणाकडून घेतला तेही. जुना, कुजका माल असेल तर फरक पडतो.

तुझा,
नीळकंठकाका


एम. पी. नगर, भोपाळ
१७ जून २०२५

ती. काका,

तुमचं पत्र मिळालं. डोळे बरे झाले हे वाचून हलकं वाटलं. मी यायला हवं होतं. अकरा उद्योगांची वर्षअखेरची कागदपत्रं एकदमच अंगावर आली आहेत. कोणी शेणापासून विटा करतंय, कोणी तलावांच्या पाण्याची मोजणी, आणि प्रत्येकाला पुढच्या वर्षी दहापट व्हायचं आहे. म्हणजे त्यांना व्हायचं आहे असं आम्हीच त्यांना सांगितलं आहे.

नोंदी सोबत जोडल्या आहेत. पाणी बहुतेक गावांत बोअरचं, क्षारांचं प्रमाण बरंच होतं. यंदा मेमध्ये सहा दिवस पंचेचाळीसच्या वर गेले. भोपाळमध्ये सगळेच म्हणत होते, असं ऊन पाहिलं नाही.

अहवालातला तो शब्द आमच्या संचालकांचा, सत्यजितचा. अहवालात काहीतरी लिहावं लागतं. तुमची चूक आहे असं कोणीही मनात आणलेलं नाही. तुम्ही आता याचा विचार करू नका. काकूंना नमस्कार.

तुमची,
सुचेता


अवधपुरी
६ जुलै २०२५

चि. सुचेता,

सापडलं. तू बोअरचं पाणी लिहिलंस आणि डोक्यात प्रकाश पडला. आपल्या गच्चीवर नळाचं पाणी, तिथे क्षाराचं. क्षार पडद्यात बसले, पाणी उतरेना, कोरड्या भागातून गरम हवा आत. मी गाळणीची सोय करायला हवी होती. गावात बोअर असणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, मला गच्चीवर बसून कळलं नाही. तू वाळ्याबद्दल काही लिहिलं नाहीस, म्हणजे तो ठीकच होता. तेव्हा दोष उरला तो माझाच. सत्यजितने लिहिलं ते बरोबर आहे.

परवा बसने त्या चाळीस गावांतल्या इमलीखेड्याला जाऊन आलो. मंगला बरोबर होती, माझे कान म्हणून. तिथल्या बायकांच्या समूहाने लग्नाच्या जेवणाची भाजी पुरवायचं कबूल केलं होतं. पहिलीच मोठी मागणी. तीन दिवसांची भाजी कोठीत ठेवली आणि लग्नाच्या सकाळी दार उघडलं तर आत चिखल. लग्नघरच्यांनी समूहाच्या प्रमुख गेंदाबाईंना चारचौघांत फार बोलून घेतलं. तेव्हापासून त्यांच्याकडून कोणी भाजी घेत नाही.

कोठीत आता कोंबड्या आहेत. पडदे त्यांनी उपटून चुलीत घातले, त्यामुळे पाहायला काही मिळालं नाही.

मी त्यांची माफी मागितली. अकरा बायका होत्या. मी उभा राहून सांगितलं, की मी इंजिनिअर आहे, हे मी बनवलं, माझं चुकलं, तुमचा दोष नाही, कोणी विचारलं तर माझं नाव सांगा. हिंदी माझी तुला माहीतच आहे, पण कळलं असावं. गेंदाबाई उठून कोठीपर्यंत गेल्या, परत आल्या. मग काहीतरी म्हणाल्या, ते मंगलाने माझ्या तळव्यावर बोटाने लिहून दाखवलं: ‘माफ किया.’ 

मदत मंजूर करणाऱ्या तुमच्या समितीची आढावा बैठक आठ ऑगस्टला आहे ना? मी त्यांना लेखी कळवतो आहे, की रचना सदोष होती आणि मी ती मागे घेतो. माझ्यापायी त्या विटावाल्यांची, तलाववाल्यांची मदत थांबायला नको. त्र्याहत्तराव्या वर्षी माझं काय जायचं आहे? त्यांचं अजून सगळं व्हायचं आहे.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तू मला संधी दिलीस. बाकीच्यांनी म्हाताऱ्याचा खेळ म्हणून सोडून दिलं असतं.

काका


एम. पी. नगर
१२ जुलै २०२५

ती. काका,

समितीला पत्र पाठवू नका. पाठवलं असेल तर मी ते थांबवते.

तुमची रचना चुकलेली नाही. त्या चाळीस कोठ्यांत वाळा नव्हताच. चार इंचही नव्हते. दोन इंचांची घास होती, लाकडाच्या किसाची, तीच, जी इथे दर एप्रिलला सायकलवरून ओरडत विकतात, घरच्या कूलरला लावायची. वाळ्याऐवजी ती लावायला मी सांगितलं.

हे तुम्हाला समोर येऊन सांगायला हवं. तीनदा निघाले. एकदा पिपलानीच्या चौकापर्यंत येऊन स्कूटर वळवली. म्हणून लिहिते आहे, आणि लिहितानाही मी सुटका शोधते आहे हे मला कळतंय.

तुम्ही म्हणाला होतात, चार कोठ्या करू, चार गावांत एक अख्खा उन्हाळा चालवू, मग पुढचं. मी माझ्या प्रस्तावात चाळीस लिहिल्या होत्या. चार लिहिल्या असत्या तर आमच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. पैसा देणारी बाहेरची मंडळी एप्रिलमध्ये पाहायला येणार होती. मार्चअखेर चाळीस उभ्या राहायला हव्या होत्या आणि तेवढा वाळा जूनच्या आधी मिळत नव्हता. कोठ्या बांधणाऱ्याने घास सुचवली. मला वाटलं, घरोघरी चालते, इथे का चालणार नाही. ज्याला विचारायचं तो माणूस शेजारच्या खुर्चीत बसला होता.

मी विचारलंही. हाच भाग लिहायला मला महिना लागला.

बारा फेब्रुवारीची बैठक आठवते? सत्यजित पडद्यावर नकाशे दाखवत होता, एसीचा आवाज होता, तुमच्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं म्हणून तुम्ही ते काढून वहीवर ठेवलं होतं. ते वहीवर आहे हे मी पाहिलं. आणि त्यानंतर मी म्हणाले, “काका, चार इंच वाळ्याऐवजी दोन इंच घास, चालेल ना?” तुम्ही माझ्याकडे पाहून हसलात आणि मान हलवलीत.

मी उत्तराची वाट पाहत नव्हते, मानेचीच पाहत होते. फॉर्मवर लिहिलं, ‘रचनाकाराशी चर्चा करून बदल मान्य’. 

पिपलानीच्या क्वार्टरमध्ये मी आणि संपदा काय करायचो तुम्हाला आठवतं का? कुल्फीवाला आला की तुमच्या पाठीमागून विचारायचं, “काका, दोन कुल्फ्या घेऊ?” मग समोर येऊन प्रश्नार्थक चेहरा करायचा. तुम्ही मान हलवायचात. आम्ही पळायचो आणि बाबांना सांगायचो, काकांनी हो म्हटलंय. बाबांनी एकदा मला त्यावरून फटका दिला होता. म्हणाले होते, त्याच्या कानांचा फायदा घेतेस? तेव्हा मी आठ वर्षांची होते. आता पंचेचाळीस आहे.

तुम्ही नोंदी मागितल्यात तेव्हा मी क्षारांचं लिहिलं. ते खोटं नाही, पण त्याआड मी लपले. वाळ्याचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि गाळला. मला वाटलं, तुम्ही पुन्हा विचाराल, तेव्हा सांगेन. तुम्ही तर ‘तो ठीकच होता’ असं लिहिलंत.

तुम्ही इमलीखेड्याला जाल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मला क्षमा करा असं लिहीत नाही. ते मागण्याआधी काय करायला हवं तेच मला समजत नाही.

सुचेता


अवधपुरी
२२ जुलै

सुचेता,

ह्यांनी तुझं पत्र मला दिलं नव्हतं. उशीखाली होतं, अंथरूण काढताना मिळालं. वाचलं.

आठवडाभर हे माझ्याशीही बोलत नाहीत. यंत्र कपाटात ठेवून दिलंय. मी खुणा करते तर भिंतीकडे बघतात. काल संपदाचा व्हिडिओ कॉल आला, तिला हात हलवला आणि उठून गेले. गच्चीवरच्या कोठीतलं पाणी बंद केलंय. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मी तुला बोल लावायला लिहीत नाही. लावलाच असता, पण तुझी आई नाही, वडील नाहीत, मग लावून कोणाला सांगू? लहानपणी माझ्या ताटात जेवलीस. मला एवढंच म्हणायचंय, की हे रागावले असते तर बरं झालं असतं. मला रागावलेला माणूस सांभाळता येतो. हा मला येत नाही.

ते उत्तर लिहितील. तू घाई करू नकोस आणि इकडे येऊही नकोस. आलीस तर मी चहा करीन, आणि ह्यांना ते आवडणार नाही.

मंगलाकाकू


अवधपुरी
२८ जुलै २०२५

सुचेता,

कुल्फीचं मला माहीत होतं. तेव्हा मला थोडं ऐकू येत असे. दोन पोरी माझ्या पाठीमागे एवढं कारस्थान रचतात, तर बिघडवायचं कशाला, म्हणून मी मुद्दाम मान हलवायचो. अनंताने तुला फटका दिला तेव्हा मी त्याच्याशी भांडलो होतो. हे तुला सांगायचं राहून गेलं.

बारा फेब्रुवारीला मात्र मला काहीही ऐकू आलं नाही. तुझे ओठ हलले, सगळे माझ्याकडे वळले, तू वाट पाहत होतीस. मी मनात म्हटलं, सुचेता विचारते आहे, म्हणजे माझ्या भल्याचंच असणार. म्हणून मान हलवली. दुसरं कोणी असतं तर यंत्र घालून पुन्हा विचारलं असतं. घास घातलीस याचं मला फार वाटत नाही. कारखान्यात अशी माणसं रोज भेटत. वाटतं ते या दुसऱ्या गोष्टीचं.

पण आठ-दहा दिवस भिंतीकडे बघून एक गोष्ट माझ्याही लक्षात आली. दोनदा ‘काय?’ म्हणून झालं, की तिसऱ्यांदा म्हणायची मला लाज वाटते. तुमच्या तरुण लोकांत तर फारच. म्हणून मी हसतो आणि मान हलवतो. वीस वर्षं हेच करतो आहे. ज्याच्या नावाने यंत्र बनतं त्याला हा लाजाळूपणा परवडत नाही. चाळीस कोठ्यांत तेवढा वाटा माझा आहे. तेवढाच. बाकीचा मी आता उचलणार नाही.

मी समितीला लिहिलेलं मागे घेतलं आहे. त्याचं कारण दिलेलं नाही. कारण तू द्यायचं. मला लिहून काय उपयोग? माझं नाव जिथे खाली गेलं तिथे लिही.

कारखान्यात नियम होता. नकाशात रेघ जरी बदलली, तरी बदलाची चिठ्ठी लागत असे: काय बदललं, का, कोणी. खाली सही. ती चिठ्ठी यंत्राबरोबर जाई, म्हणजे यंत्र जिथे बसलं तिथल्या माणसालाही कळे. तशी चाळीस लिही. छापू नकोस, हाताने लिही. हिंदीत. इमलीखेड्याला स्वतः जाऊन दे, ज्या अकरा जणींसमोर मी उभा राहिलो त्यांच्यासमोर वाच. मी येणार नाही. मंगलाही नाही.

नीळकंठ


एम. पी. नगर
१९ ऑगस्ट २०२५

ती. काका,

समितीचं आधी सांगते.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी सत्यजितला माझं निवेदन दाखवलं. त्याने दार लावून घेतलं. म्हणाला, “मॅडम, क्यों खोल रही हैं ये सब? फाइल बंद होतेय. कुणी तुमचं नाव घेत नाहीये.” मी म्हटलं, तेच तर. तो वाईट माणूस नाही. त्याला खरंच काळजी होती, की बाकीच्या दहा जणांवर याची सावली पडेल. मलाही आहे. तरी मी ते वाचलं. वाचताना दोनदा ओळ चुकले आणि मागून पुन्हा वाचली. कोणी पाणी पुढे केलं नाही आणि ते बरं झालं.

‘मूळ रचनेतील त्रुटी’ हे शब्द अहवालातून काढले आहेत. त्या जागी लिहिलंय, की रचनाकाराच्या संमतीशिवाय साहित्य बदललं गेलं, आणि कोणी बदललं त्याचं नाव. पुढच्या वर्षी चार गावांत चार कोठ्या, वाळ्याच्या, एक पूर्ण उन्हाळा, तुमच्या देखरेखीखाली. तुम्हाला वेगळं पत्र येईल. हो म्हणायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. हा कार्यक्रम एक सप्टेंबरपासून माझी सहकारी केतकी सांभाळेल, मी नाही. ती चांगली आहे. ती प्रत्येक गोष्ट लिहून घेते.

चिठ्ठ्या लिहिल्या. पहिल्या पाच-सहा लिहिताना वाक्यं आपोआप मवाळ व्हायला लागली. ‘बदलना पड़ा’ असं लिहायचे. मग ती फाडून पुन्हा, ‘मैंने बदला’. चाळीस वेळा ‘मैंने’ लिहायला चार दिवस लागले.

काल इमलीखेड्याला गेले. नऊ जणी होत्या, दोघी शेतात. मी चिठ्ठी वाचली. कोंबड्या मध्ये मध्ये येत होत्या. वाचून झाली. मग एक तरुण बाई म्हणाली, “तो वो बाबूजी की गलती नहीं थी?” मी म्हटलं, नाही, माझी होती. ती दुसरीला म्हणाली, “देख, मैं बोली थी ना, वो आदमी घास वाला काम नहीं करेगा.” त्यांना घास ओळखता आली होती, काका. पडदे उपटले तेव्हाच. त्यांना वाटलं, शहरातून आलंय म्हणजे असंच असतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आमच्या फॉर्ममध्ये ‘वापरणाऱ्यांचं मत’ असा रकाना आहे, तो मी ऑफिसात बसून भरला होता.

गेंदाबाई सगळा वेळ सूप घेऊन डाळ पाखडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, मला माफ करा. ते मी ठरवून गेले नव्हते. तुम्ही वाचा आणि द्या म्हणाला होतात, मागायला सांगितलं नव्हतं. तोंडून निघालं.

त्यांनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे नीट पाहिलं, रागाने नाही. म्हणाल्या, “माफी तो बाबूजी ले गए, बेटी. बड़ी मुश्किल से निकली थी. तीन दिन रोटी नहीं खाई थी मैंने उस शादी के बाद. अब दूसरी कहाँ से लाऊँ?”

मग उठून आत गेल्या.  त्या तरुण बाईने चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, घडी करून समूहाच्या रजिस्टरमध्ये ठेवली आणि विचारलं, की चार नव्या कोठ्यांत त्यांचं गाव आहे का. मी म्हटलं, ते आता केतकीमॅडम आणि बाबूजी ठरवतील. ती म्हणाली, “तो बाबूजी को बोलना, घास हम पहचान लेते हैं. अगली बार पहले हमको दिखाएँ.” हा निरोप आहे, तेवढा पोहोचवते आहे.

उरलेल्या एकोणचाळीस चिठ्ठ्या पिशवीत आहेत. रोज एक गाव केलं तरी सप्टेंबर जाईल.

तुमच्याकडे माफी मागणार होते. सकाळपासून तीन वेळा हे पत्र त्या वाक्यापर्यंत आणून थांबवलं. इमलीखेड्यात जी माफी होती ती तुम्ही आधीच घेऊन आलात, ज्या चुकीसाठी घेतलीत ती तुमची नसतानाही. गेंदाबाईंना ती परत नको आहे, आणि मला ती मागता येत नाही. ती तुमच्या तळव्यावर लिहिलेली आहे, एवढं मात्र मला रोज माहीत असेल.

सुचेता